संगणकमामाच्या गप्पा : ‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

बालदोस्तांनो, गोष्ट एका उन्हाळ्यातली. शुक्रवारची रात्र, साडेनऊचा सुमार. जेवण आटोपून मी जरा कुठे टेकलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे माझी भाची. आवाज रडवेला.

“मामा, फॉर्म चालत नाही!”

“कुठला फॉर्म?”

“अरे, शिबिराचा! सांगितलं होतं ना तुला!”

“बरं. चालत नाही म्हणजे काय होतं?”

“म्हणजे... होतच नाही.”

“काय होत नाही?”

“काहीच होत नाही! तू ये ना लवकर!”

आता मी राहतो पुण्यात आणि भाची कोल्हापुरात. लवकर येऊन येऊन किती लवकर येणार? आणि शिबिराच्या फॉर्मची मुदत तर रविवारी संपणार होती. आकाशदर्शनाचं शिबिर होतं ते. पाच दिवस राहायचं, रात्री तारे बघायचे आणि स्वतःच्या हाताने दुर्बीण बनवून घरी आणायची. पोरीने दोन महिने कॅलेंडरवर दिवस मोजले होते. फॉर्म मात्र इंटरनेटवरच भरायचा होता, आणि तो ‘चालत नव्हता’.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी एक विचारू? समजा, तुम्ही डॉक्टरकाकांकडे गेलात आणि नुसतं म्हणालात, “मला बरं वाटत नाही.” काका लगेच औषध देतील का? छे! ते विचारतील, कुठे दुखतंय? कधीपासून? काल काय खाल्लंस? ताप आहे का? तुम्ही उत्तरं दिलीत तरच औषध लागू पडणार.

संगणकाचंही तसंच आहे. फोनमधलं ॲप, शाळेचा ऑनलाइन फॉर्म, बँकेचा कार्यक्रम, हे सगळं कुणीतरी माणसांनीच लिहिलेलं असतं. माणूस म्हटला की चूक आली. ती चूक पहिल्यांदा दिसते कुणाला? अनेकदा लिहिणाऱ्याला नव्हे, तर वापरणाऱ्याला, म्हणजे तुम्हा-आम्हाला. पण लिहिणारा बसलेला असतो दूर कुठेतरी. तुमचा पडदा त्याला दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे तुमचे शब्द! आणि तुम्ही शब्द धाडलेत दोनच, ‘चालत नाही’. मग तो बिचारा करणार काय?

वहीत चिकटवलेला किडा

संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ म्हणतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बग म्हणजे किडा. यामागे एक गमतीदार हकिकत आहे.

९ सप्टेंबर १९४७ चा दिवस. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ नावाचा अवाढव्य संगणक होता. त्याच्यात हजारो रिले होते. रिले म्हणजे विजेच्या जोरावर उघडझाप करणारी छोटी कळ. त्या दिवशी यंत्र नीट चालेना. शोधाशोध केली, तर एका रिलेत चक्क एक पतंग अडकलेला! दिव्याभोवती घिरट्या घालतो ना, तो पतंग. तिथल्या मंडळींनी तो बाहेर काढला आणि यंत्राच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून टाकला. शेजारी गमतीने लिहिलं, की खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच घटना. ती वही आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे, पतंगासकट!

‘बग’ हा शब्द मात्र त्या दिवशी जन्मला नाही, बरं का. थॉमस एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना ‘बग’ म्हटलेलं आहे. म्हणून तर १९४७ मध्ये ‘खराखुरा’ किडा सापडल्याची गंमत वाटली. पुढे संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर हा किस्सा आपल्या भाषणांतून रंगवून सांगत असत आणि तो जगभर पोचला.

पण मला त्या वहीत आवडते ती वेगळीच गोष्ट. त्या नोंदीत काय काय आहे पाहा. वेळ : दुपारी पावणेचार. जागा : पॅनेल ‘एफ’, रिले क्रमांक ७०. पुरावा : साक्षात पतंग! कधी, कुठे, काय, तिन्ही गोष्टी एका ओळीत. ‘मशीन बिघडलं होतं’ एवढंच लिहून कुणी मोकळं झालं नाही.

आपल्याकडे याला एक छान शब्द आहे, पंचनामा. चोरी झाली की पोलीस येतात आणि पंचांसमोर लिहून घेतात, की खिडकीचा गज वाकलेला आहे, कपाट उघडं आहे, कुलूप जमिनीवर पडलेलं आहे. चोर कोण असेल याचे तर्क पंचनाम्यात नसतात. जे डोळ्यांना दिसलं, तेवढंच त्यात उतरतं. बगची तक्रार म्हणजे असाच पंचनामा.

भाचीचा पंचनामा

तर पुन्हा आपल्या फोनकडे वळू. मी भाचीला म्हटलं, “डोळे पूस आणि फॉर्मसमोर बस. पडद्यावर काय दिसतंय?”

“काहीतरी लाल अक्षरांत आलंय.”

“काहीतरी नको. अक्षर न् अक्षर वाच.”

“‘कृपया सर्व माहिती भरा.’ पण मामा, मी सगळं भरलंय! दहाच्या दहा रकाने!”

“छान. आता हे सांग, तू नेमकं काय केलंस म्हणजे ही अक्षरं आली?”

“पहिलं पान भरलं आणि ‘पुढे’ बटण दाबलं. मग फोटो लावायचं पान यायला हवं ना? तर तेच पान परत येतंय. आमचं नेटच खराब आहे बहुतेक.”

बघा हं, रडवेली पोर दोन मिनिटांत कशी कामाचं बोलायला लागली! पण शेवटचं वाक्य मात्र तर्काचं होतं. नेट खराब असतं, तर पान परत तरी आलं असतं का? आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तर्काच्या मागे धावलं की असं होतं. घरच्यांनी त्या पायी तासभर नेटची वायर काढून परत लावली होती, फोन बंद करून चालू केला होता. उपयोग शून्य.

मी विचारलं, “तुझ्या वर्गातल्या आणखी कुणी फॉर्म भरलाय?”

“हो, माझ्या मैत्रिणीचा संध्याकाळीच गेला. लगेच!”

“मग तुझ्या आणि तिच्या फॉर्ममध्ये फरक काय?”

ती विचारात पडली. शाळा एकच, इयत्ता एकच, गाव एकच. वेगळं काय? नाव, पत्ता, फोन नंबर आणि जन्मतारीख.

“आता एक खेळ खेळू,” मी म्हटलं. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ‘पुढे’ दाबून बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही. आणि काहीही झालं तरी शेवटचं ‘पाठवा’ बटण दाबायचं नाही.”

तिने पत्ता आखूड केला. लाल अक्षरं. पत्ता पूर्ववत करून नाव नुसतं एका शब्दात लिहिलं. लाल अक्षरं. फोन नंबर बाबांऐवजी आईचा घातला. पुन्हा तेच. मग जन्मतारीख बदलली आणि ती एकदम ओरडलीच, “मामा, गेलं! गेलं पुढे!”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची भाची जन्मली आहे २९ फेब्रुवारी २०१२ ला! दर चार वर्षांनी वाढदिवस येतो म्हणून आम्ही तिला चिडवतोही. तिने २८ फेब्रुवारी घातली, फॉर्म पुढे गेला. १ मार्च घातली, गेला. २९ घातली की अडला. २९ फेब्रुवारी २००८ घालून पाहिली, तरी अडला. चोर सापडला होता.

आणि इथेच तिने मला तो प्रश्न विचारला. “मामा, मग २८ टाकूनच पाठवून देऊ का? एका दिवसाने काय होतंय?”

मुलांनो, तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा हं! रात्रीचे सव्वादहा झालेत, मुदत संपत आलीये, आणि एक आकडा बदलला की काम फत्ते. पण खोटी तारीख जन्मदाखल्याशी जुळली नसती, ही एक अडचण. दुसरी त्याहून मोठी. २९ फेब्रुवारीला जन्मलेली ती काय एकटीच आहे? तिने गुपचूप पळवाट काढली असती, तर दुसरं कुणीतरी असंच रडत बसलं असतं.

“नाही टाकत २८,” ती स्वतःच म्हणाली. मग आम्ही शिबिरवाल्यांना हे पत्र लिहिलं. शब्द तिचे आहेत. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

विषय : जन्मतारीख २९ फेब्रुवारी असेल तर फॉर्म पुढे जात नाही.

महोदय,

काय केलं : पहिल्या पानावरचे दहाही रकाने भरले. जन्मतारीख २९ फेब्रुवारी २०१२ निवडली. ‘पुढे’ बटण दाबलं.

काय व्हायला हवं होतं : फोटो लावायचं पान उघडायला हवं होतं.

काय झालं : तेच पान परत आलं. वर लाल अक्षरांत ‘कृपया सर्व माहिती भरा’ असं होतं. एकही रकाना रिकामा नव्हता.

दर वेळी होतं का : हो. आज रात्री पाच वेळा करून पाहिलं. बाबांच्या फोनवर होतं आणि घरच्या संगणकावरही होतं.

आणखी काय पाहिलं : २८ फेब्रुवारी आणि १ मार्च या तारखा चालतात. २९ फेब्रुवारी २००८ चालत नाही.

सोबत पडद्याचा फोटो जोडला आहे.

माझा अंदाज : लीप वर्षाचा हिशेब करायचा राहिला असेल. पण हा फक्त अंदाज आहे.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. कुणा महिन्यात किती दिवस, याच्या यादीत त्यांनी फेब्रुवारीला कायमचे २८ दिवस दिले होते! चूक अर्ध्या तासात दुरुस्त झाली. आणि उत्तरात शेवटी लिहिलं होतं, की याआधी आणखी दोन मुलांच्या घरून ‘फॉर्म चालत नाही’ असे फोन आले होते. त्यांना ‘नेट तपासा’ असं सांगण्यात आलं. आता त्या दोघांनाही फोन करून बोलावून घेतलं आहे.

एका पंचनाम्याने तिघांना दुर्बिणी मिळाल्या!

लीप वर्षाने भल्याभल्यांना चकवलंय, बरं का. गंमत म्हणजे माझी भाची जन्मली त्याच दिवशी, २९ फेब्रुवारी २०१२ ला, मायक्रोसॉफ्टची ‘अझ्युअर’ ही जगभर वापरली जाणारी सेवा कित्येक तास कोलमडली होती. प्रोग्रॅमने एका प्रमाणपत्राची वर्षभराची मुदत ठरवताना वर्षाच्या आकड्यात नुसता १ मिळवला आणि तारीख तयार झाली २९ फेब्रुवारी २०१३. आहे का अशी तारीख कुठल्या कॅलेंडरात?

पाचशे मैलांपलीकडे न जाणारं पत्र

आता कुणी म्हणेल, “मामा, मला जे दिसलं ते फारच विचित्र आहे. सांगितलं तर लोक हसतील.” त्याच्यासाठी ही हकिकत.

अमेरिकेत ट्रे हॅरिस नावाचे गृहस्थ एका विद्यापीठाची ई-मेल व्यवस्था सांभाळत असत. त्यांनी २००२ साली आपला एक जुना अनुभव लिहून काढला. एके दिवशी त्यांना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला. म्हणाले, आमची ई-मेल ५०० मैलांपलीकडे जात नाहीत! ५०० मैल म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, मुंबईहून रेल्वेने नागपूरला जाण्याइतकं अंतर. हॅरिस यांना वाटलं, हे काय भलतंच? ई-मेल काय पायी जाते की काय, दमून वाटेत बसायला!

पण तक्रार करणारे संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी आधी काही दिवस नोंदी ठेवल्या होत्या. कोणत्या ठिकाणची पत्रं पोचली, कोणती नाही, सगळं मांडून त्यांनी नकाशासुद्धा करायला घेतला होता. हॅरिस यांनी स्वतः पत्रं धाडून पाहिली. जवळच्या शहरांतली पोचली, न्यूयॉर्कचं पोचलं, त्याहून लांबच्या बोस्टनचं परत आलं. तक्रार अगदी खरी होती!

मग उलगडा झाला. काही दिवसांपूर्वी कुणीतरी त्या विभागाच्या मुख्य संगणकाची दुरुस्ती केली होती. त्या गडबडीत पत्रं धाडणाऱ्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती तिथे येऊन बसली. नव्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या सूचना तिला समजेनात. त्यामुळे ‘पलीकडच्या संगणकाच्या उत्तराची किती वेळ वाट पाहायची’ या सूचनेची किंमत झाली शून्य! प्रत्यक्षात तो संगणक सेकंदाचे सुमारे तीन सहस्रांश, म्हणजे हजार भागांपैकी तीन भाग, वाट पाहून कंटाळायचा. आता गणित करा. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. मग सेकंदाच्या ३ सहस्रांश भागात किती? ९०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ५६० मैल! संदेश प्रकाशाहून वेगाने तर जाऊ शकत नाही. तेव्हा त्यापलीकडून वेळेत उत्तर येणं अशक्यच. काही बारकावे आपण सोपे करून सांगितले आहेत, असं हॅरिस यांनी स्वतःच म्हटलंय. पण मुद्दा लक्षात आला ना?

विचार करा, त्या प्रमुखांनी लाजून नुसतं ‘ई-मेल चालत नाही’ एवढंच सांगितलं असतं, तर? हॅरिस यांनी जवळच्या गावी एक पत्र धाडून पाहिलं असतं आणि म्हटलं असतं, “चालतंय की!” म्हणून विचित्र वाटलं, तरी जे दिसलं ते सांगायचं. मोजून सांगायचं.

हे मात्र विसरू नका

पंचनाम्याचे पाच प्रश्न तुम्ही वर पाहिलेतच. काय केलं? काय व्हायला हवं होतं? काय झालं? दर वेळी होतं का? आणखी काय पाहिलं? अंदाज असेल तर तो शेवटी, आणि ‘अंदाज’ असं सांगून. याशिवाय आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, एका पत्रात एकच तक्रार. पाच तक्रारींची भेळ केली, की वाचणारा सोपी असेल तेवढी उचलतो आणि बाकीच्या राहून जातात.

दुसरी, पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक यांतलं काहीही तक्रारीत लिहायचं नाही. पडद्याचा फोटो धाडण्याआधी त्यात असं काही दिसत नाही ना, ते आईबाबांना दाखवून घ्या. कुणी उलट फोन करून ओटीपी मागितला, तर तो मदतनीस नव्हे, ठक समजा.

तिसरी, वाचणाराही माणूसच असतो. “तुम्हाला काही येत नाही” असं लिहिल्याने चूक सापडत नाही, नुसतं डोकं तापतं.

आणि एक खास आपल्यासाठी. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एखादं ॲप ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ नीट उमटवत नसेल किंवा जोडाक्षर तोडून दाखवत असेल, तर ते कुणाच्या ध्यानात येणार? मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रॅमरच्या? मुळीच नाही. ती चूक तुम्हीच पाहू शकता आणि तुम्हीच कळवू शकता. तुम्ही गप्प बसलात, तर ती वर्षानुवर्षं तशीच राहील.

आईबाबांनाही दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी ‘चालत नाही’ म्हणत आली, की फोन हिसकावून घेऊन स्वतः बटणं दाबू नका. समोर बसा आणि विचारा, “तू काय केलंस? काय व्हायला हवं होतं? काय झालं?” पुष्कळदा उत्तर देता देता मुलांनाच चूक सापडते.

या आठवड्याचा उद्योग

घरातली एखादी कुरकुरणारी वस्तू निवडा. कधी चालणारा, कधी न चालणारा रिमोट, मधूनच थांबणारा पंखा, नाहीतर सारखं बंद पडणारं ॲप. एक वही घ्या आणि तीन दिवस नोंदी ठेवा. कधी, कुठे, काय. विजेच्या वस्तूला हात मात्र लावायचा नाही, फक्त पाहायचं आणि लिहायचं. मग पाच प्रश्नांचा पंचनामा तयार करून घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. वहीत चिकटवायला एखादा किडा सापडला, तर मग काय, मज्जाच मजा!

आणि हो, त्या रविवारी रात्री भाचीचा पुन्हा फोन आला होता. “मामा, दुर्बिणीतून शनी दिसेल ना रे?” मी म्हटलं, “बघ आणि कळव. कधी, कुठे, काय, सगळं नीट लिहून!”

तुमचा,
संगणकमामा